अक्षता पडेपर्यंत

"आणखी एक अर्धा चहा टाक, रामलिंग," शंभुलिंग कोरे म्हणाले आणि बाकावर सरकून सावलीत बसले.

रामलिंगने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग ईट गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे, आणि शेवटी साहेबांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांकडे.

"साहेब, लगीन बारा पस्तीसचं हाय म्हनं. सव्वाबारा झाले की."

"झाले असतील."

"मंग? जायाचं न्हाई व्हय?"

"जायचंय. पण आत्ता जाऊन काय करू? पत्रावळ्या मांडू?"

रामलिंग हसला आणि त्याने पातेल्याखालचा जाळ वाढवला. फाट्यावरच्या त्याच्या हॉटेलातून लग्नाचा मांडव दिसत होता. मधे दोन वावरं काढणीला आलेली ज्वारी होती, एक विहीर होती, आणि पलीकडे पिवळ्या-गुलाबी कापडाचा मांडव. मांडवाशेजारच्या लिंबावर दोन कर्णे बांधलेले होते. त्यातला एक गावाकडे तोंड करून होता आणि एक थेट फाट्याकडे. त्यामुळे माईकवरचा शब्द न् शब्द हॉटेलातल्या बाकापर्यंत येत होता, आणि साहेबांनी ही जागा निवडली होती ती त्याच्यासाठीच.

पुढाऱ्याने लग्नाला कसं जावं याचं एक शास्त्र आहे. ते कुठल्या लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. लवकर गेला तर तो रिकामटेकडा, वेळेवर गेला तर पाहुणा. आणि नवरदेव उभा आहे, लोकांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या झाल्यात, भटजी तिसऱ्यांदा घसा खाकरतोय, अशा वेळी लांबून गाडीचा धुरळा दिसला, तर तो पुढारी. मग निवेदक माईकवर ओरडतो, बँडवाले घाईघाईने पिपाण्या तोंडाला लावतात, तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ पेटते, आणि साहेब हात जोडत, गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढतात. शुभाशीर्वादाचं भाषण होतं. त्यानंतर अक्षता पडतात. मुहूर्त टळला म्हणून आमच्याकडे आजवर कोणी कोर्टात गेलेलं नाही.

शंभुलिंग कोरे दोनदा आमदार होते. त्या दहा वर्षांत तालुक्यातल्या किती नवऱ्या मुली त्यांच्यासाठी उन्हात खोळंबल्या, ते त्या मुलींनाच ठाऊक. लग्नसराईत ते दिवसाला दहा-बारा मांडव करायचे. स्वतःच्या लेकीच्या, महेश्वरीच्या लग्नातसुद्धा ते सगळ्यांत शेवटी पोचले होते, कारण मंत्र्यांची गाडी सोलापूरहून निघायला उशीर झाला होता. त्यावर त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आलात ना, झालं." राजेश्वरीबाईंना जाऊनही आता चार वर्षं झाली. महेश्वरी पुण्याला असते आणि रविवारी फोन करते.

तिसऱ्या वेळी साहेब पडले. चौथ्या वेळी पक्षाने त्यांना विचारलंच नाही. घराच्या अंगणात रोज सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायची सवय मात्र सुटली नाही. आधी खुर्च्या कमी पडायच्या, मग पुरायला लागल्या, मग उरायला लागल्या. आता साहेब स्वतःच सकाळी सात-आठ खुर्च्या मांडतात आणि ऊन आलं की आत घेतात. गल्लीतलं कोणी येतं ते खुर्च्या मागायला. कोणाकडे बारसं असतं, कोणाकडे दहावा.

गेल्या वर्षी एका लग्नाला ते चुकून वेळेवर गेले. तिसऱ्या रांगेत बसले. निवेदकाने सोसायटीच्या व्हाइस चेअरमनचं स्वागत केलं, बँडवाल्याचं केलं, जनरेटरवाल्याचे आभार मानले. कोरे साहेबांचं नाव काही आलं नाही. वर एक मिशाळ जवान येऊन म्हणाला, "काका, जरा उठता का? साहेबांचा बॉडीगार्ड बसंल इथं." काका उठले. जेवायला न थांबता घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी लग्नांना जाणं बंद केलं.

आजचं लग्न मात्र वेगळं होतं. आज सारजाबाईच्या नातीचं लग्न होतं.

सारजाबाई ही शंभुलिंग कोरे यांची पहिली अशील. भूमच्या कोर्टात त्यांनी नुकताच कोट चढवला होता, तेव्हाची गोष्ट. वडील शरणबसप्पांची आडत होती. पोराने गादीवर बसायचं सोडून हे काळं डगलं का चढवलं, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. कोर्टाच्या आवारात मोठ्या वकिलांभोवती गर्दी असायची आणि कोरे वकील लिंबाखाली एकटेच उभे असायचे. एके दिवशी एक विशी-बाविशीची बाई कडेवर तान्ही पोर घेऊन त्या लिंबाखाली येऊन बसली. नवऱ्याने दुसरी केली होती आणि हिला पोरीसकट बाहेर काढलं होतं. पाठच्या भावाकडे गेली, तर तो म्हणाला होता, कोर्टाची पायरी चढलीस तर मला बहीण मेली.

ती बोलत राहिली. मधेच रडली, मधेच पोरीला पाजलं, गुरांचं सांगितलं, सासूच्या आजारपणाचं सांगितलं, कामाचं न बिनकामाचं सगळं सांगितलं. कोरे वकील दुपार कलेपर्यंत तिच्यासमोर बसून ऐकत होते. दुसरं कामच नव्हतं हे खरं. पण ते ऐकत होते हेही खरं. शेवटी ती म्हणाली, "मला भाऊ न्हाई आता."

"मी आहे की," वकील म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते म्हणाले होते.

तिने ते धरून ठेवलं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी नवऱ्याच्या रानातला विहिरीकडचा तुकडा तिच्या नावावर झाला. तिची भाकरी वकिलांनी कोर्टाच्या लिंबाखाली कितीदा खाल्ली असेल. पुढे लोक त्यांना वकीलसाहेब म्हणाले, मग नुसतंच साहेब. सारजाबाई एकटीच त्यांना 'वकीलभाऊ' म्हणायची. तिची पोर अंबिका लग्नाला आली, तेव्हा नवरीच्या पाठीमागे मामा म्हणून उभं राहायला कोण, हा प्रश्नच आला नाही. वकील आदल्या दिवशीच्या एसटीने ईटला आले, मांडवाच्या दोऱ्या त्यांनी ओढल्या, तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, तेव्हा ते अंबिकाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते. सारजाबाईने त्यांच्या डोक्याला मामाचा फेटा बांधला होता.

मग ते आमदार झाले. राखीपौर्णिमेला अंगणात मंडप पडायचा, शेकडो बाया रांगेत यायच्या. एका वर्षी त्या रांगेत सारजाबाईही होती. तिने राखी बांधली, काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कार्यकर्ता म्हणाला, "चला मावशी, पुढच्या बाई." पुढच्या वर्षापासून ती आली नाही. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. मनगटावर जागाच उरलेली नसायची.

आणि गेल्या आठवड्यात ती अचानक दारात उभी राहिली.

"वकीलभाऊ, हायसा का घरात?"

साहेब खुर्च्या आत नेत होते. त्या हाकेने ते हातातल्या खुर्चीसकट वळले. ती वाळून काटकी झाली होती. पण कपाळाचं गोंदण तसंच होतं. स्टँडवरून चालत आली होती. तिने पिशवीतून कुंकवाची पुडी काढली, साहेबांच्या कपाळाला बोट लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

"आरोहीचं जमलं. अंबूच्या लेकीचं. आपल्या हिरीकडच्या वावरातच मांडव घालनार हाय."

"वा, वा! छान झालं."

"तुमच्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत, बगा."

हे वाक्य साहेबांनी हजारदा ऐकलेलं होतं. निमंत्रण द्यायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि ते प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. "येणार, येणार," ते म्हणाले.

"आन् एक काम व्हतं तुमच्याकडं."

साहेबांचा हात आपोआप वर गेला. "होऊन जाईल."

"तसं न्हवं. आदी आईका तरी—"

"अहो, तुमचं काम मी टाळीन का? होऊन जाईल म्हटलं ना."

खरं म्हणजे त्यांना ते काम ऐकायचंच नव्हतं. असेल नवऱ्या मुलाची बदली, नाहीतर कोणाची नोकरी. पूर्वी एका फोनवर झालं असतं. आता त्यांचा फोन कोणी घेत नाही, आणि ते या बाईसमोर उघडं पडावं असं त्यांना वाटत नव्हतं. निदान तिच्या लेखी तरी आपण काम करणारे राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून काम काय ते कळायच्या आत त्यांनी शब्द देऊन टाकला.

सारजाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"मंग मला कशाचाच घोर न्हाई," ती म्हणाली आणि त्यांच्या पायाला हात लावून निघाली. चहालासुद्धा थांबली नाही, अजून लई घरं करायचीत म्हणाली.

त्या रात्री साहेबांनी कपडे इस्त्रीला काढून ठेवले. तालुक्यातला एक तरी मांडव अजून आपल्यासाठी थांबेल, असं त्यांना वाटलं, आणि ते खरं आहे का हे एकदा बघावंसंही वाटलं. म्हणून आज ते घरून वेळेवर निघाले आणि फाट्यावर येऊन थांबले. ड्रायव्हर आता नव्हता. जुनी बोलेरो त्यांनी स्वतःच चालवत आणली होती आणि हॉटेलामागे लावली होती. कर्ण्यावरून आपलं नाव आलं, किंवा 'साहेब निघालेत, थोडं थांबू या' असं कोणी म्हणालं, की मग निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रामलिंगने चहा आणून ठेवला. तेवढ्यात कर्णा खरखरला.

"एक विनंती. नवरीच्या मामांनी स्टेजकडे यावं. नवरीचे मामा जिथं असतील तिथून स्टेजकडे यावं."

"झालं सुरू," रामलिंग म्हणाला. "प्रत्येक लग्नात मामाच हरवतोय साहेब. आमच्या चुलतभावाच्या लग्नात मामा कडब्याच्या गंजीत झोपला व्हता."

साहेब हसले. "मोठेपणा मिळाला की असंच होतं. आर्जवं करून फेटा बांधतील म्हणून रुसून बसला असेल कुठंतरी."

निवेदक आता पाहुण्यांची नावं घ्यायला लागला. पंचायत समितीचे माजी सभापती आले होते. बाजार समितीचे संचालक आले होते. ईटचे सरपंच, परंड्याचे कोणी गुरुजी. साहेब प्रत्येक नावाला मान डोलवत होते. या यादीत सगळ्यांत वरचं नाव शेवटी घेतात, हा नियम त्यांना पाठ होता. नावं संपली. कर्णा थोडा वेळ गप्प झाला. मग पुन्हा तोच आवाज आला, या वेळी जरा चढलेला.

"नवरीचे मामा! ताबडतोब स्टेजवर यावं. आपल्यासाठी खोळंबा झालाय. पाव्हण्यांना लांब जायाचंय."

"काय मानूस हाय," रामलिंग चुकचुकला. "पोरगी हारात उभी असंल उन्हाची."

"असल्या मामाला उलटं टांगलं पाहिजे," साहेब म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. साहेबांनी तो हातात धरला, पण उचलला नाही. फोन वाजून वाजून थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. त्यांच्या अंगातून काहीतरी उबदार सरकत गेलं. वाट बघतायत. सारजाबाई खोटं बोलली नव्हती. पुढाऱ्याने अशा वेळी फोन घ्यायचा नसतो, कारण न घेतलेल्या फोनाला मांडव जास्त वेळ थांबतो. तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा ते बाकावर ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं एवढं समाधान होतं.

"घ्या की, साहेब," रामलिंग म्हणाला.

"पाच मिनिटं. पाच मिनिटांनी निघतो."

कर्ण्यावर आता काहीतरी गोंधळ ऐकू येत होता. कोणी माईकवर हात ठेवून भांडत असावं. एक बाप्याचा आवाज, "कुनी बी उभा करा की वो," आणि एका बाईचा, पण तिचे शब्द लागत नव्हते. मग खरखर थांबली आणि भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं.

साहेब उठले. उठताना चहाचा पेला कलंडला. "अरे, असं कसं?" ते म्हणाले. ते कोणाला म्हणाले ते रामलिंगला कळलं नाही. ते हॉटेलामागे धावले, म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. गाडी पहिल्या चावीला लागली नाही. दुसऱ्या चावीला लागली. ज्वारीच्या पहिल्या वावराच्या बांधाशी ते पोचले तेव्हा तेरखेड्याची माळ कडाडली, आणि लिंबावरची पाखरं एकदम वर उडाली. अक्षता पडल्या होत्या.

गाडीचा धुरळा कोणी बघितला नाही. लोक जेवणाच्या मंडपाकडे निघाले होते. साहेब ड्रायव्हरच्या बाजूने उतरले, कपडे झटकले, सवयीने हात जोडले आणि तसेच चालायला लागले. समोरून अंबिका येत होती. नवरीची आई, नव्या इरकली लुगड्यात, रडून चेहरा सुजलेला. तिने त्यांना पाहिलं आणि ती जागेवरच थांबली.

"मामा, कुठं व्हता वं तुमी?"

साहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"किती फोन लावलं. माईकवरनं पुकारून पुकारून त्या गड्याचा घसा बसला. नवरीचे मामा, नवरीचे मामा. गावातनं दोगं जण मोटरसायकलवर बघाया गेलं, स्टँडवर बी बघून आलं."

"मला? मला बोलवत होते?"

"मंग आनखी कुनाला? मला भाऊ न्हाई, मामा तुमीच. माज्या पाठीशी तुमी उभं व्हता. आरोहीच्या पाठीशी दुसरं कोन उभं ऱ्हानार?" अंबिकाने पदराने नाक पुसलं. "आय तुमच्याकडं त्याच कामाला तर आली व्हती. आल्या आल्या म्हनली, वकीलभाऊंनी आईकून बी घेतलं न्हाई, आदीच होऊन जाईल म्हनले. आठ दिस झालं, त्येच सांगत फिरतीया समद्यांना."

मांडवात पत्रावळ्यांचा आवाज सुरू झाला होता. वाढपी भाताची टोपली घेऊन त्यांच्या दोघांच्या मधून गेला. साहेबांना एकदम तहान लागली.

"मग... कोण उभं राहिलं?"

"पाव्हनं म्हनले, कुनी बी उभा करा. शेजारचे रामकिसन मास्तर तयार बी झाले. पर आय आईकंना. म्हनली, जागा माज्या भावाची हाय, ती मी कुनाला देनार न्हाई. फेटा खांद्यावर टाकला आन् सोताच उभी ऱ्हायली. भटजी कुरकुरले, बाईमानूस, त्यात नवरा गेलेली. म्हनली, तुमी मंत्र म्हना."

सारजाबाई कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून बसली होती. मांडीवर गुलाबी फेट्याची घडी होती. तिच्या केसांत, खांद्यांवर, नव्या लुगड्याच्या निऱ्यांत पिवळ्या अक्षता अडकल्या होत्या. नवरीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावर सगळ्या मांडवाच्या अक्षता पडतात. साहेबांना ते आठवलं. अंबिकाच्या लग्नानंतर दोन दिवस त्यांच्या कॉलरमधून तांदूळ निघत होते आणि राजेश्वरीबाई हसत होत्या.

"आलात व्हय," सारजाबाई म्हणाली. "बसा. ऊन लई हाय."

"गाडी वाटेत—" साहेबांनी सुरुवात केली. गाडी पंक्चर झाली, कलेक्टरांचा फोन आला, अशी वाक्यं त्यांच्या तोंडात तयार असत आणि एरवी ती आपोआप बाहेर पडत. पण ही बाई त्यांच्यासमोर लिंबाखाली अख्खी दुपार खरं बोलली होती. त्यांना पुढचं जमेना. ते पोत्यासमोर जमिनीवरच बसले, इस्त्रीच्या कपड्यांनी.

"गाडीला काही झालं नव्हतं. मी फाट्यावर होतो. रामलिंगच्या हॉटेलात."

"कवापसनं?"

"बारा वाजल्यापासून."

सारजाबाईने दाराबाहेर पाहिलं. "तिथं माईक आईकू येतोय का?"

"येतो."

"मामाला बोलवत व्हते, त्ये बी आलं?"

"आलं. सारजाबाई, मला वाटलं दुसरं कोणी असेल. मी माझं नाव कधी घेतात त्याची वाट बघत होतो. तू काम सांगत होतीस, आणि मी ऐकलंच नाही गं."

तिने मान हलवली. ती चिडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने मांडीवरची घडी उचलली, तिच्यावरच्या दोन-चार अक्षता बोटाने झटकल्या आणि ती त्यांच्या हातांत ठेवली.

"ह्यो तुमचा. तुमच्यासाटी आनलाय, दुसऱ्याला कसा देऊ?"

"बांध ना मग," साहेब हळूच म्हणाले. "आता बांध."

"आता अक्षता पडल्या," सारजाबाई म्हणाली.

तेवढ्यात निवेदक माईक हातात घेऊन दारात आला. मागे लांब वायर ओढत आणली होती. त्याला कोणीतरी सांगितलं असावं. "अरे वा, माजी आमदार कोरे साहेब! साहेब, माफ करा, ध्यानातच न्हाई आलं तुमी आलात त्ये. चला, वर चला. शुभाशीर्वादाचे दोन शब्द. लोकं बसलीत जेवायला, निवांत आईकतील."

साहेबांनी त्या माईककडे पाहिलं. मग सारजाबाईकडे. ती पोत्याचा आधार घेऊन उठत होती. तिला वाढप्यांकडे बघायचं होतं, व्याह्यांच्या पंगतीत पुरी कमी पडली होती.

"जावा, बोला," ती म्हणाली. "आन् जेवून जावा, साहेब."

ती पदर खोचत बाहेर गेली. 'साहेब' म्हणाली होती ती. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ते माईकवर गेले नाहीत. घसा बसलाय म्हणून त्यांनी निवेदकाला हात जोडले. स्टेजवर फोटो चालले होते. तिथे जाऊन त्यांनी आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला. पोर गोड होती. तिने वाकून नमस्कार केला आणि शेजारच्या नवऱ्याला सांगितलं, "हे आजीचे वकील." फोटोवाला म्हणाला, "काका, फोटो घ्यायचाय का? मग जरा आत सरका." साहेब खाली उतरले. शेवटच्या पंगतीत पानावर बसले आणि पानात पडलं ते सगळं खाल्लं, कारण जेवून जा असं तिने सांगितलं होतं.

परतताना फाट्यावर त्यांना थांबायचं नव्हतं. पण चहाचे पैसे द्यायचे राहिले होते. रामलिंग पातेलं घासत होता. कर्णे आता गप्प होते. कोणीतरी लिंबावर चढून त्यातला एक सोडवत होतं.

"झालं का लगीन झोकात?" रामलिंगने विचारलं.

"झालं."

"आन् त्यो मामा? घावला का शेवटी?"

साहेब खिडकीतून पैसे पुढे धरून होते. "आला होता. अक्षता पडल्यावर."

"मंग काय उपेग," रामलिंग म्हणाला, आणि ओले हात पुसून त्याने पैसे घेतले.

साहेबांनी गाडी भूमच्या रस्त्याला लावली. फेटा शेजारच्या सीटवर होता, घडी न मोडलेला. रस्ता खराब होता. खड्डा आला की फेटा पुढे घसरायचा, आणि ते एका हाताने त्याला परत नीट ठेवायचे.